लालासाबची चाखणी

कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या अंगाला, जिथं दिवसभर लेथ मशिनांची घरघर चालायची, तिथं जोतीरामचा गोळ्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक लांबट शेड, पुढं ओटा आणि मागं भट्टी. आधी तिथं लिमलेट आणि पेपरमिंट व्हायचं. मग जोतीरामच्या डोक्यात चॉकलेटनं घर केलं. केरळातून कोकोच्या बियांची पोती ट्रकानं यायला लागली, आणि बिया भाजायला घेतल्या की पलीकडच्या फौंड्रीतली माणसं हातातलं काम सोडून दारात येऊन वास घेत उभी राहायची. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट.

शेडचा मालक जोतीराम असला तरी आत हुकूम चालायचा तो लालासाबचा. लालासाब मूळचा गुळव्या. हातकणंगल्याच्या बाजूच्या गुऱ्हाळांत त्यानं उमेदीची वर्षं रस आटवायच्या कायलीपुढं घालवली होती. उसाच्या रसात चुन्याची निवळी किती टाकायची हे तो रसाचा थेंब जिभेवर ठेवून सांगायचा. चुना कमी पडला तर गूळ चिकट, जास्त झाला तर काळा; आणि काळा गूळ म्हणजे गुळव्याच्या तोंडाला काळं. लालासाबचा गूळ कधी काळा पडला नाही. बापानं त्याला शेत दिलं नव्हतं की घर दिलं नव्हतं, हे कसब तेवढं दिलं होतं, आणि त्याचा ताठा त्याच्या मानेत कायम दिसायचा.

गुऱ्हाळातून त्यानं एक रीत या शेडमध्ये आणली होती. नवा माल उतरला की पहिला तुकडा उस्तादाच्या तोंडात जायचा. त्यानं मान हलवून ‘जमलं’ म्हणेपर्यंत दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाही, मग तो मालक का असेना. या रीतीला सगळे चाखणी म्हणत. जोतीरामनं एकदा घाईनं परातीत बोट बुडवलं, तर लालासाब हातातला झारा तिथंच टाकून घरची वाट चालायला लागला होता. त्याची मनधरणी करून परत आणता आणता जोतीरामच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून मालकसुद्धा चाखणी होईपर्यंत हात मागं बांधून उभा राहायचा.

आणि त्याचं एवढं चालत होतं त्याला कारणही तसंच होतं. केरळातल्या त्या बिया भलत्याच आंबट असायच्या. पहिल्यांदा चॉकलेट केलं ते आंबटढाण, आणि रंग चिंचेच्या कोळाचा. जोतीरामनं कपाळाला हात लावला आणि ते पातेलं मागं ठेवून दिलं. तोड काढली ती लालासाबनं. रसाचा आंबटपणा चुना मारतो, मग बियांचा का मारणार नाही? त्यानं पोटॅशचा खार आणवला, पापडखाराचा भाऊबंदच तो. बिया भाजून, फोडून, पाखडून जे तुकडे उरत त्यांना शेडमध्ये डाळ म्हणत. ती डाळ कोमट खारपाण्यात टाकून मंद आचेवर हलवायची, पाणी आटवायचं, पुन्हा भाजायची, मग दगडी यंत्रात साखरेबरोबर दळायची.

खार थोडा पडला की आंबटपणा उतरायचा आणि डाळ विटेच्या रंगावर यायची. आणखी पडला की जिभेला टोचणारा कडवटपणा मऊ व्हायचा, रंग गडद कॉफीचा. आणि हात सैल सुटला तर रंग कोळशासारखा काळा, देखणा, पण चव साफ मेलेली, वर तोंडात साबणाचं बुळबुळीतपण. दर पोत्याचा आंबटपणा निराळा, त्यामुळं एकदा ठरवलेलं माप पुढच्या खेपेला उपयोगी पडत नसे. प्रत्येक वेळी डाळ चाखूनच खार थांबवायला लागायचा. त्यामुळं लालासाबची जीभ म्हणजे तो सगळा कारखाना होता, आणि हे सगळ्यांत जास्त लालासाबला ठाऊक होतं.

ती जीभ गणपतीच्या दिवसांत गेली. ताप आला, अंथरुणावर पाडून गेला आणि जाताना चव घेऊन गेला. बरं वाटायला लागल्यावर लालासाबनं चहाचा घोट घेतला, तर नुसतं गरम पाणी. त्याला वाटलं, तोंडाला अजून कडूपणा असेल, जाईल. मग त्यानं चोरून चिंच चघळली. काही नाही. भाजलेल्या कॉफीच्या डब्यात नाक खुपसलं. काही नाही. हिरवी मिरची चावली तर जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, पण मिरचीची चव म्हणून काही लागली नाही. घराच्या मागं न्हाणीपाशी तो डोळे पुसत उभा राहिला. हे कळलं तर शेडमध्ये आपण कोण?

त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण बायकोपासून काय लपणार? नजीरा त्याच शेडमध्ये चॉकलेटच्या वड्यांना चांदीचा कागद गुंडाळायच्या कामाला होती; बोलायला कमी, बघायला तिखट. एका सकाळी आमटीत मीठ घालायचं तिच्या ध्यानातून गेलं. जो माणूस मीठ जरा कमी झालं तरी ताट सरकवायचा, तो चकार शब्द न बोलता जेवून उठला. दुसऱ्या दिवशी नजीरानं मुद्दाम मीठ घातलं नाही. त्यानं आमटी दोनदा मागून घेतली.

“आमटी कशी झालीया?” तिनं विचारलं.

“बेस.”

“मीठ न्हाय त्यात. काल बी नव्हतं.”

लालासाबच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “नवऱ्याची परीक्षा घेतीस व्हय गं?” तो ओरडला. नजीरा त्याच्याकडं बघत राहिली. मग त्याची मान खाली गेली. “कुणाला बोलू नगंस,” तो हळूच म्हणाला. “लोकांत त्वांड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाय.”

“मालकाला सांगून टाका. आज न्हाय तर उद्या कळंलच की.”

“कळंल तवा बगू.”

तेव्हापासून नवरा-बायकोचं एक नाटक सुरू झालं. डाळ चाखायची वेळ आली की लालासाब दोन तुकडे उचलायचा आणि चांदी गुंडाळणाऱ्या बायकांच्या सतरंजीवरून जाताना एक नजीराच्या ओच्यात टाकायचा. ती पाठ फिरवून तोंडात घालायची. जमलं असेल तर डोक्यावरचा पदर पुढं ओढायची. बिघडलं असेल तर खोकायची. मग लालासाब दुसरा तुकडा जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा, भुवया वर-खाली करायचा आणि निकाल द्यायचा. नाटक कंपनीत असता तर त्याला पदक मिळालं असतं. माल तर असा उतरायला लागला की जोतीराम चारचौघांत म्हणाला, “तापातनं उठल्यापास्नं लालाभाईंची जीभ आनीच धारंवर आलीया.” लालासाबनं ती शाबासकी खुशाल खिशात घातली. सतरंजीवर नजीरा चांदी गुंडाळत राहिली. तिच्या बोटांचा वेग तेवढा वाढला.

असं चाललं होतं, तोवर आजऱ्याहून निरोप आला. त्यांची मुलगी सलमा तिथं दिलेली होती, तिचे दिवस भरत आले होते. आईला जायलाच हवं होतं. नजीरा एसटीत चढताना म्हणाली, “मी येस्तवर खाराला हात लावू नगासा.”

“बरं, बरं,” लालासाब म्हणाला.

ती गेली आणि इकडं नवी पोती येऊन पडली. पावसात नीट न वाळलेल्या बिया. जोतीरामनं पोत्याचं तोंड सोडलं आणि नाक धरून मागं सरला. “लालाभाई, आंबट भपका मारतोय वं! ह्येचं कसं करायचं?” लालासाबनंही नाक धरलं, दुसरा धरतोय म्हणून. त्याला काहीच वास आला नव्हता.

त्यातच बेळगावचे आण्णा यायचे ठरले. आण्णांच्या बेळगावात मोठ्या बेकऱ्या होत्या. केकवर घालायला त्यांना काळंभोर चॉकलेट हवं होतं, दुधाचं नको, आंबट तर मुळीच नको. यायचा वार त्यांनी कळवला होता. लालासाब म्हणाला, जरा थांबूया, पोती उन्हात घालूया. जोतीरामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “थांबायला टायम कुठला? तुमच्या जिभंवर सोडलंय समदं.” लालासाब भट्टीकडं वळला.

त्यानं भट्टी पेटवली, डाळ खारपाण्यात सोडली आणि झारा फिरवायला लागला. जिभेचा उपयोग नव्हता, म्हणून तो सगळा डोळ्यांत उतरला. डाळ विटेच्या रंगावर आली. पोती फार आंबट आहेत, एवढ्यावर भागणार नाही, असं म्हणून त्यानं आणखी खार सोडला. रंग कॉफीवर आला. त्यानं एक तुकडा तोंडात टाकला. मेण चावल्यासारखं वाटलं. मागं वळून सतरंजीकडं बघितलं. नजीराची जागा रिकामी होती, शेजारी म्हातारी बयाबाई एकटीच चांदी कापत बसली होती. आता काय? आंबट राहिलं तर आण्णा तोंड वाकडं करणार. त्यानं आणखी एक मूठ सोडली. बघता बघता डाळ काळी झाली, तिच्यावर तकाकी चढली. आयुष्यभर ज्या काळ्या रंगाला तो भ्यायला होता, तोच आज हवा होता, आणि तो कसा देखणा उतरला होता! लालासाबला स्वतःच्या डोळ्यांचा अभिमान वाटला. बायकोच्या खोकल्यावर चालणारे काय आपण? छे.

आण्णा आले त्या दिवशी नजीराही सकाळच्या एसटीनं उतरली आणि हातातल्या पिशवीसकट थेट शेडवर आली. सलमाला मुलगा झाला होता. ते ऐकून लालासाबचा चेहरा उजळला, पण बोलायला सवड नव्हती. परात बाहेर आली होती. आण्णा, पांढरं धोतर, काळा कोट, परातीभोवती फिरत होते. “काय रंग आलाय ओ! आरसाच की ह्यो!” जोतीराम हरखला होता.

लालासाबनं दोन तुकडे तोडले. सतरंजीवरून जाताना एक नजीराच्या ओच्यात पडला. तिनं पाठ फिरवली. लालासाब परातीपाशी परत येऊन उभा राहिला आणि तिच्या पदराकडं बघत राहिला. पदर हलला नाही. नजीरा खोकली.

एसटीतली धूळ असेल, त्यानं मनाला सांगितलं. ती पुन्हा खोकली, मोठ्यानं. मग पुन्हा. लालासाबनं मान वळवली नाही. जोतीरामला मात्र राहवलं नाही. “नजीराभाभी, भाईर जाऊन पाणी प्या की. पावण्यांम्होरं काय ह्ये?”

नजीरा उठली. दारात पोचल्यावर तिनं वळून नवऱ्याकडं बघितलं आणि बाहेर गेली. आता त्याला सांगणारं कुणी उरलं नाही.

“उस्ताद, चाका की,” आण्णा हसत म्हणाले. “आमाला कवा मिळायचं?”

त्यानं तुकडा जिभेवर ठेवला. डोळे मिटले. तोंडात काहीतरी विरघळत होतं, एवढंच कळलं. सगळी शेड त्याच्या तोंडाकडं बघत होती. मनात एक विचार आला, आणि तो काही चांगला नव्हता: बिघडलं असलं तर पोत्यांवर ढकलता येईल. सडकी पोती होती, जोतीरामनं स्वतः नाक धरलं होतं. कुणाला काही कळणार नाही. त्यानं डोळे उघडले.

“जमलं,” तो म्हणाला.

आण्णांचा हात परातीकडं गेला. त्यांनी मोठा तुकडा मोडला, तोंडापाशी नेला. लालासाबची नजर त्या तुकड्यावर खिळली. चाखणी झालीच नव्हती. मालकाचं बोट परातीत बुडालं म्हणून जो काम टाकून निघाला होता, त्याच्याच डोळ्यांदेखत, त्याच्याच तोंडून खोटं ऐकून, पाहुणा न चाखलेला माल खात होता. त्यानं आण्णांचं मनगट धरलं.

“थांबा पावणं. चाखणी झाली न्हाय.”

“आत्ता तर चाकलासा की ओ!”

“मला चव कळत न्हाय.” आवाज बारीक निघाला, म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं, “तापातनं उठल्यापास्नं मला कसलीच चव कळत न्हाय.”

जोतीराम तोंड उघडं टाकून बघत होता. “मग इतकं दिस कोण चाखत होतं?”

“नजीरा.”

तिला आत बोलावलं. सगळ्यांसमोर परातीतला तुकडा उचलायला तिचा हात धजेना. “चाख,” लालासाब म्हणाला. तिनं तुकडा तोंडात घातला, आणि या खेपेला पाठ फिरवली नाही.

“खार लई झालाय,” ती म्हणाली. “आंबट न्हाय, कडू न्हाय, कशातच काय न्हाय. राखंच्या पाण्यानं चूळ भरल्यागत लागतंय.”

आण्णांनी नखाएवढं जिभेवर ठेवलं आणि धोतराचा सोगा सावरत ओट्यापलीकडं जाऊन थुंकले. “साबण की ओ ह्यो!”

जोतीराम लालबुंद झाला. “इतकं दिस मला येड्यात काढलंत! माजी अब्रू घालवली पावण्यांम्होरं!” तो आणखीही पुष्कळ बोलला. कुणी आजवर लालासाबला असं बोललं नव्हतं, आणि आज बोललेलं सगळं खरं होतं.

मध्येच नजीरा म्हणाली, “बिनखाराचं दळलेलं मागं ठेवलंय न्हवं? आंबट म्हणून बाजूला टाकलेलं?”

लालासाबनं वर बघितलं. एका पातेल्यात ते होतं खरं. तो भट्टीकडं धावला. काळं चॉकलेट आणि आंबट चॉकलेट दोन्ही पाण्याच्या वाफेवर पातळ केली आणि काळ्यात आंबट मिसळायला लागला. तो पळीनं सोडायचा, नजीरा चाखायची. “आनी.” तो सोडायचा. “आनी थोडं.” काळेपण उतरत उतरत दाट तपकिरीवर आलं. “बास,” ती म्हणाली आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. नाटक नाही, खोकला नाही. किती दिवसांत त्याचा हात असा निर्धास्त चालला नव्हता.

ताटलीत ओतलेलं थोडं थिजल्यावर आण्णांनी भीत भीत तुकडा तोंडात घातला. चघळला. मग दुसरा घेतला. “कडू हाय, पर ब्येस कडू हाय,” ते म्हणाले. “रंग थोडा उतरला, उतरू दे. बेळगावला नेतो, पोरास्नी दावतो, मग कळवतो.” पुडकं घेऊन ते गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

भट्टीपाशी उस्तादाचं एक लाकडी स्टूल होतं, त्यावर दुसरं कुणी बसत नसे. जोतीरामनं त्याकडं बोट दाखवलं. “भट्टी तुमची, लालाभाई. पर आजपास्नं त्या स्टुलावर नजीराभाभी बसतील.” इतके दिवस ज्याच्या भीतीनं झोप उडाली होती, ते हेच. लालासाबनं स्टूल स्वतः उचललं, धोतराच्या टोकानं पुसलं आणि नजीरापुढं ठेवलं. ती बसेना. “बस,” तो म्हणाला. मग परात निवेपर्यंत करायला काही नव्हतं म्हणून तो सतरंजीवर जाऊन बसला आणि चांदी गुंडाळायला लागला. त्याच्या जाड बोटांत कागद फाटत होता. बायका हसतील असं त्याला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. बयाबाईनं त्याच्या हातातला कागद घेतला आणि घडी कशी घालायची ते दाखवलं. ते त्याला जास्त लागलं.

दिवेलागणीला नजीरानं त्याचं ताट वाढलं, भाकरी आणि आमटी. नेहमीसारखी ती चुलीपाशी बसून राहिली, त्याचं झाल्यावर जेवायला. लालासाबनं ताटाला हात लावला नाही.

“जेवा की.”

“उस्तादाच्या आधी कुणी त्वांड लावायचं न्हाय,” तो म्हणाला. “माजाच नेम हाय.”

तो टोमणा मारतोय असं तिला वाटलं. तिनं रागानं त्याच्याकडं बघितलं. पण त्याच्या तोंडावर टोमणा नव्हता. त्यानं ताट उचलून तिच्यापुढं सरकवलं आणि हात मांडीवर ठेवून बसला. नजीरानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला.

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली.

लालासाबनं मिठाचं मडकं ओढून घेतलं आणि चिमूट भरून ताटावर धरली.

“सांग,” तो म्हणाला, “किती घालू?”